पाडायचं की ठेवायचं? जुनी इमारत, नवं बांधकाम आणि कार्बनचा हिशेब

मृण्मयी_रेखा

नमस्कार मंडळी,

मी वास्तुविशारद आहे, स्वतःचं काम सुरू करून दोनच वर्षं झाली. सध्या एक काम हाती आलंय आणि त्यात मी महिनाभर अडकले आहे, म्हणून हा धागा.

जागेवर एक जुनी दुमजली इमारत आहे. पुढचा भाग जाड विटांच्या भिंतींचा, मागचा नंतर वाढवलेला आरसीसी फ्रेमचा. मालकांना तिथे चार मजली ऑफिस हवंय. त्यांची अट मला मनापासून आवडली: इमारतीमुळे हवेत कमीत कमी कार्बन जावा, आणि पुढे कधी ती उतरवायची वेळ आली तर तिचा ढिगारा होऊ नये.

मी साहित्याचा तक्ता करायला घेतला. लाकूड, राखेच्या विटा, मातीचे दाबलेले ठोकळे, स्लॅग सिमेंट, पुनर्वापराची खडी. प्रत्येकाच्या माहितीपत्रकावर हिरवं पान छापलंय आणि प्रत्येकाचे आकडे वेगळ्या पद्धतीने काढलेत. तक्ता चाळीस ओळींचा झाला, तरी उत्तर सापडत नाहीये. नेमकं कोणतं साहित्य घेऊ? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

पाऊलवाट

उत्तम विषय. राखेच्या विटा आणि स्लॅग सिमेंट घ्या, दोन्ही सहज मिळतं. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

ओळंबा

मृण्मयीताई, तक्ता जरा बाजूला ठेवा आणि आधी हे सांगा: जुनी इमारत पाडायचं ठरवलं कोणी, आणि ती तपासली कोणी?

मी तीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम केलं. भिंतीला कोणी हात लावायच्या आधी, पहिल्याच बैठकीत 'पाडा' असं ठरून गेलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. म्हणून विचारतो.

सिमेंटचं गणित एकदा नीट समजून घ्या. चुनखडी भट्टीत तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडी घातली की हाती ५६ किलो चुना येतो, ४४ किलो वायू होऊन जातो. हा वायू इंधनाचा नाही, दगडाच्या पोटातला आहे. भट्टी उन्हावर चालवा नाहीतर वाऱ्यावर, तो सुटणारच. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं ते भट्टीतले खडे, व्हायला सुमारे १४५० अंश सेल्सिअस लागतात, त्याचं इंधन आणखी वेगळं. सिमेंटच्या उत्सर्जनात साधारण ६० टक्के वाटा या दगडाचा, बाकीचा मुख्यतः इंधनाचा. जगात वर्षाला ४०० कोटी टनांच्या घरात सिमेंट बनतं, आणि माणसाने हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के त्यातून येतो.

आता तुमचा मागचा भाग बघा. त्या कॉलम-बीमचा कार्बन कधीच हवेत गेला, तो काही परत येत नाही. पण ज्या ताकदीसाठी तो खर्च झाला ती ताकद अजून जागेवर उभी आहे. ती तोडून तिथेच तशीच नवी उभी केली की तोच खर्च दुसऱ्यांदा. म्हणून आधी उभं आहे ते किती ठेवता येतं ते बघायचं. मग नवं किती कमी लागेल ते बघायचं. साहित्याची निवड त्यानंतर. तुमचा सगळा तक्ता या तिसऱ्या पायरीचा आहे.

मृण्मयी_रेखा

ओळंबाकाका, खरं सांगते, हे मी विचारलंच नव्हतं. कागदपत्रांत 'पाडणे' असं आधीपासून लिहिलेलं होतं आणि मी तिथून पुढे सुरू केलं.

मागचा भाग साधारण चाळीस वर्षांचा. मजल्याची उंची चांगली आहे. स्वच्छतागृहाच्या बाजूला दोन बीमना ओल आलीय, एका ठिकाणी काँक्रीट फुगून गज दिसतोय. बाकी डोळ्यांना तरी ठीक वाटतं. पण दोन मजल्यांसाठी घातलेल्या पायावर चार मजले कसे चढवणार?

निळी_प्रत

'ठेवायचं' म्हणणारे जगात बरेच जण आहेत आणि त्यांची कामं बघण्यासारखी आहेत.

आन लाकातोन आणि जाँ-फिलिप वासाल या फ्रेंच वास्तुविशारदांना २०२१ चा प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला. कधीही पाडू नये, आहे त्यात भर घालावी, ही भूमिका ते वर्षानुवर्षं जाहीरपणे मांडत आलेत. बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीत त्यांनी सहकाऱ्यांसोबत ५३० घरांचं काम केलं. साठच्या दशकातल्या इमारती. बाहेरच्या बाजूला नवे सांगाडे उभे करून प्रत्येक घराला काचेची खोल गॅलरी जोडली, छोट्या खिडक्यांच्या जागी मोठी सरकती दारं आली. काम चालू असताना माणसं आपापल्या घरात राहत होती.

उंच इमारतीचं उदाहरण हवं असेल तर सिडनीचा क्वे क्वार्टर टॉवर. १९७६ चा टॉवर होता. त्याचे बीम, कॉलम आणि स्लॅब मिळून सुमारे ६५ टक्के आणि मधल्या, लिफ्ट-जिन्यांच्या गाभ्याच्या ९५ टक्के भिंती तशाच ठेवून नवा टॉवर उभा राहिला, २०२२ मध्ये पूर्ण झाला.

मृण्मयी, तुमच्या कामाशी सगळ्यात जवळचं मात्र स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरचं के-११८. एका जुन्या कारखान्याच्या शेडवर तीन मजले चढवले, तेही बहुतांश दुसऱ्या इमारतींतून काढलेल्या भागांनी. पोलादी सांगाडा बाझलमधल्या एका वितरण केंद्राचा. बाहेरचा लोखंडी जिना झुरिकमधल्या एका ऑफिस इमारतीचा. जिना आधी मिळाला, त्यामुळे मजल्यांची उंची त्या जिन्याने ठरवली! नकाशा आधी आणि साहित्य नंतर, ही आपली सवय तिथे उलटी झाली. तेच सगळं नव्या साहित्याने बांधलं असतं तर जेवढं उत्सर्जन झालं असतं, त्याच्या सुमारे ६० टक्के वाचलं.

कातळ

मी ठेकेदार आहे. वरचं सगळं वाचलं, आवडलं, पण एक बाजू सुटतेय असं वाटतं. पाडलेल्या काँक्रीटची खडी करून तीच नव्या काँक्रीटमध्ये वापरता येते ना? मी दोन कामांत वापरली आहे. ढिगारा वाया जात नाही, नवा डोंगर फोडावा लागत नाही. मग पाडण्यात एवढं वाईट काय?

चाळणी

कातळदादा, मी साहित्य तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे या खडीशी माझा रोजचा संबंध. ती वापरावी याच मताची मी आहे. पण तिच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही हे वेगळं करायला हवं.

नेहमीची खडी आणि ही खडी दोन घमेल्यांत शेजारी ठेवा. नेहमीची खडी स्वच्छ, कडा धारदार. या खडीच्या प्रत्येक दाण्याला जुन्या सिमेंटचा राखाडी थर चिकटलेला दिसतो, नखाने खरवडला तर थोडा निघतोही. तो थर सच्छिद्र असतो. दोन्ही नमुने चोवीस तास पाण्यात ठेवायचे, मग फडक्याने पुसून वजन करायचं, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन करायचं. चांगली नैसर्गिक खडी वजनाच्या एखाद-दोन टक्के पाणी पिते. ही तीनपासून दहा टक्क्यांपर्यंत पिते, जुनं काँक्रीट कसं होतं त्यावर. आधी भिजवून घेतली नाही तर ती मिक्सरमधलं पाणी ओढते, काँक्रीट घट्ट होतं, आणि साइटवर कोणीतरी वरून बादलीभर पाणी ओततं. मग ताकद घसरते, आणि ती भरून काढायला पुढच्या वेळी सिमेंट वाढवतात. एवढ्यासाठी सगळा खटाटोप केला होता का?

दुसरं म्हणजे काँक्रीटचा बहुतेक कार्बन सिमेंटमध्ये असतो. वजनाने सिमेंट १०-१५ टक्केच, पण कार्बनमध्ये सिंहाचा वाटा त्याचा. खडीचा वाटा अगदी लहान. म्हणजे जुनी खडी घातल्याने खाणी वाचतात, ढिगारा वाचतो, आणि या दोन्ही फार मोठ्या गोष्टी आहेत. कार्बन मात्र फारसा वाचत नाही. खडी लांबून ट्रकने आणली तर तेवढाही नाही. साहित्य फिरतं ठेवणं आणि कार्बन कमी करणं या दोन गोष्टी पुष्कळदा हातात हात घालून जातात, पण नेहमीच नाही. मृण्मयीताई, तुमच्या तक्त्यात दोन्हींचे वेगळे रकाने करा.

कातळ

हे पटलं. बादलीभर पाण्याचा अनुभव मलाही आहे, आणि तो माझ्याच साइटवरचा. धन्यवाद.

भट्टी

चाळणी यांच्याशी पूर्ण सहमत. सिमेंटचा विषय निघालाच आहे तर माझ्या कामातलं थोडं.

पाऊलवाट यांनी स्लॅग सुचवला. स्लॅग उत्तमच, पण तो म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारा मळ, आणि चांगला स्लॅग जवळजवळ सगळा आधीच कुठे ना कुठे वापरला जातो. तुम्ही जास्त घेतलात की दुसऱ्या कोणाला कमी मिळतो. एका इमारतीचा आकडा सुधारतो, जगाचा तिथेच राहतो. राखेचंही तसंच, कोळशाची वीजकेंद्रं बंद होतील तशी ती आटत जाणार. याउलट माती मुबलक आहे.

चुनखडी आणि भाजलेली माती यांच्या सिमेंटला एलसी-३ म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या विद्यापीठातल्या कॅरन स्क्रिव्हनर, क्यूबातले संशोधक आणि दिल्ली, मद्रास, मुंबई इथल्या आयआयटी, अशा बऱ्याच जणांच्या हातून ते घडलं. नेहमीचं मिश्रण असं: ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजते, आणि भाजताना तिच्या पोटातून कार्बन डायऑक्साइड निघत नाही, पाणी निघतं. उत्सर्जन साधारण ३० ते ४० टक्क्यांनी घटतं. माती केओलिन (चिनी मातीतलं खनिज) असलेली हवी, पण शुभ्र आणि महागडी असण्याची गरज नाही. काम करताना ते थोडं चिकट लागतं, प्लास्टिसायझर (काँक्रीट सैल ठेवणारं रसायन) जास्त लागतो. गवंड्यांना आधी एक स्लॅब सरावासाठी घालू द्या.

आणखी एक सूचना, हिला एक पैसाही लागत नाही. काँक्रीटची ताकद सवयीने ओतल्यापासून २८ दिवसांनंतरची मागतात. राख, स्लॅग किंवा माती घातलेलं काँक्रीट सावकाश पण दीर्घकाळ ताकद धरत राहतं. तुमच्या पायावर पूर्ण भार यायला कित्येक महिने आहेत. तिथे ५६ किंवा ९० दिवसांची ताकद मागा. तेवढ्यानेच मिश्रणातलं क्लिंकर कमी करता येतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने एक ओळ बदलायची असते.

ओळंबा

भट्टी यांची शेवटची सूचना सोन्यासारखी आहे. त्याला जोडून माझ्याच व्यवसायाबद्दल.

केंब्रिजच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये पोलादी सांगाड्याच्या २३ इमारतींमधले दहा हजारांहून जास्त बीम तपासले. सरासरी बीम आपल्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी वापरला गेला होता. सुरक्षेसाठीची जादा ताकद आधीच धरून झाल्यावरचा हा हिशेब आहे! असं का होतं ते मला आतून माहीत आहे. सगळे बीम एकसारखे ठेवले की नकाशे लवकर होतात, साइटवर चूक होत नाही, आणि जड बीमबद्दल कोणी कधी जाब विचारत नाही. मीही अशी चित्रं काढली आहेत. इंजिनिअरला आणखी दोन आठवडे द्या आणि 'यातून काय काढता येईल' असं विचारा.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात फिलिप ब्लॉक यांच्या गटाने कमानीसारखे वाकलेले, फासळ्यांचे पातळ मजले केलेत, सपाट स्लॅबच्या तुलनेत सुमारे ७० टक्के कमी काँक्रीटचे. लगेच तसं कोणी करा म्हणत नाही. पण काँक्रीट दाबाला बळकट आणि ताणाला कमकुवत, हे साधं सत्य सपाट स्लॅब घालताना आपण विसरतो. केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी हेच किती सोप्या हत्यारांनी करून दाखवलं: स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फक्त वजन वाढवतं, तिथे कौलं घातली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवली, चौथाई विटा वाचल्या.

आता विटांवर येतो. मृण्मयीताई, पुढच्या भागातल्या विटांच्या सांध्यांमध्ये चुना आहे की सिमेंट?

मृण्मयी_रेखा

आज जाऊन पाहिलं. किल्लीने खरवडलं तर पांढरट भुगा सहज पडतो. चुनाच असावा. का विचारलंत?

ओळंबा

कारण मग त्या विटा तुमच्या आहेत.

चुन्याचा मसाला विटेपेक्षा मऊ असतो. भिंत उतरवताना तडा सांध्यात जातो आणि वीट अखंड हातात येते. एका हातात वीट आडवी धरायची, बोथट छिन्नी मसाल्याच्या कडेला टेकवायची, हलका ठोका द्यायचा. पापुद्रा निघावा तसा थर सुटतो. मग दोन विटा एकमेकींवर वाजवून बघायच्या. खणखणीत वाजली तर ठेवायची, भद्द आवाज आला तर बाजूला. सराव झालेला माणूस बोलता बोलता ढीग लावतो.

सिमेंटचा मसाला विटेपेक्षा कठीण. तिथे तडा विटेतून जातो आणि हातात तुकडे येतात. डेन्मार्कच्या लेन्डागर या वास्तुविशारदांपुढे हाच प्रश्न होता. २०१९ मध्ये कोपनहेगनमध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या वसाहतीसाठी जुन्या कार्ल्सबर्ग दारूभट्टीच्या आणि इतर इमारतींच्या विटा घ्यायच्या होत्या, पण सिमेंटमुळे सुट्या निघेनात. शेवटी करवतीने भिंतींचे चौकोनी तुकडे कापले आणि गोधडी शिवावी तसे नव्या भिंतींवर लावले. दिसायला फार सुंदर आहे. पण तो उपाय करावा लागला, कारण कोणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी मसाला निवडताना विटेच्या पुढच्या जन्माचा विचार केला नव्हता.

मालकांच्या दुसऱ्या अटीचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. साहित्य कोणतंही असो, जोड सुटणारा हवा.

रंधा

ओळंबाकाका, शेवटची ओळ अगदी माझ्या मनातली. मी लाकडाचं काम करतो.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनमध्ये २०१७ साली एक मंडप उभा राहिला, संपूर्ण उसन्या साहित्याचा. फळ्या, तुळया, काचा, सगळं पुरवठादारांकडून काही दिवसांपुरतं मागून आणलेलं आणि परत करायचं ठरलेलं. त्यामुळे एक खिळा ठोकायचा नाही, छिद्र पाडायचं नाही, गोंद लावायचा नाही. त्यांनी फळ्यांच्या जुड्या करून पोलादी पट्ट्यांनी आवळल्या आणि त्याचेच खांब-तुळया केल्या. त्याच देशात ड्रीबर्गनला त्रिओदोस बँकेचं ऑफिस आहे, २०१९ चं, बहुतेक लाकडी. सगळं स्क्रूंनी जोडलेलं, आणि स्क्रू मोजून ठेवलेत: १,६५,३१२. म्हणजे जेवढे घट्ट केले तेवढे सोडवता येतील. सोबत प्रत्येक भागाची नोंद, काय आहे, कुठे आहे, कसा काढायचा.

आता लाकडाबद्दल. घनमीटरभर कोरड्या मऊ लाकडात झाडाने हवेतून घेतलेला सुमारे ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बंद असतो. माहितीपत्रकं हा आकडा मोठ्या अक्षरात लिहितात. पण लाकूड कुजलं किंवा जाळलं की तो परत हवेत जातो. म्हणून तो जमा खात्यात लिहायचा तर इमारत दीर्घकाळ टिकायला हवी आणि नंतर तुळईची तुळई राहायला हवी. जंगल पुन्हा वाढतंय का, हेही बघायला हवं. हे तीन प्रश्न न विचारता लाकूड घेणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, कारण त्यांची इच्छा चांगली असते.

तुमच्या कामात लाकडाचा खरा फायदा वजनाचा आहे. ते काँक्रीटच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरतं. जुन्या पायावर मजला चढवायचा तर याहून सोपी वाट नाही.

कातळ

जोड सुटणारा हवा हे मान्य. पण तो सोडवायला वेळ लागतो, आणि आमचं गणित वेळेवर चालतं. ब्रेकर लावला तर तुमची इमारत दहा-बारा दिवसांत जमिनीवर. हाताने उतरवायची म्हणजे दीड-दोन महिने. उतरवलेला माल ठेवायला जागा हवी, त्यावर ताडपत्री हवी, मोजदाद करायला माणूस हवा. आणि उद्या जुना बीम वाकला तर जबाबदार कोण?

मागे एका कामात मी स्वतः चाळीस खिडक्या जपून काढल्या होत्या. ॲल्युमिनियमच्या, उत्तम स्थितीतल्या. ग्राहकाच्या सल्लागाराने ऐन वेळी सांगितलं की करारात 'नवीन' असा शब्द आहे. सगळ्या भंगारात गेल्या. मला त्या दिवशी फार लागलं. माझ्या माणसांनी प्रत्येक खिडकीवर खडूने माप लिहिलं होतं.

चाळणी

कातळदादा, वाचून खरंच वाईट वाटलं. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा करायला नव्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते, म्हणून भंगारातही त्याचं अगदी मातेरं होत नाही. पण खिडकी म्हणून ती वापरली गेली असती तर तेवढीही लागली नसती, आणि काचाही वाचल्या असत्या. इमारतीची काच बहुतेक वेळा पुन्हा पारदर्शक काच होत नाही, भुकटीच होते.

जबाबदारीच्या प्रश्नाला आता उत्तरं तयार होत आहेत. जुन्या पोलादासाठी ब्रिटनच्या स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये कार्यपद्धती प्रसिद्ध केली, १९७० नंतर उभारलेल्या पोलादासाठी. एकाच इमारतीतले एकाच मापाचे बीम एका गटात घ्यायचे, प्रत्येकाची कठीणता तपासायची, गटातल्या काहींचे तुकडे काढून ताणून बघायचे. म्हणजे अंदाजाऐवजी तपासणीचा कागद हातात येतो.

वेळेचा प्रश्न कायद्याने सुटतो. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ पासून १९१६ पर्यंतची जुनी घरं यंत्राने पाडायला बंदी केली, ती हाताने उतरवावी लागतात. २०२० मध्ये ही मर्यादा १९४० पर्यंत आणली. सगळ्यांनाच तेवढे दिवस धरावे लागले की कोणा एकाच ठेकेदाराचा तोटा होत नाही. डेन्मार्कने २०२३ पासून १००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना दर चौरस मीटरला वर्षाला १२ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली, ५० वर्षांच्या हिशेबाने, साहित्याचा कार्बन धरून. पुढे ती आणखी कडक केली.

पाऊलवाट

मी सुरुवातीला एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो होतो. हा धागा वाचून बरंच शिकलो. एक शंका: माहितीपत्रकातले आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत?

निळी_प्रत

बहुतेकदा हद्द वेगळी असते. युरोपच्या ईएन १५९७८ या मानकात इमारतीचं आयुष्य टप्प्यांत मांडलंय. ए१ ते ए३ म्हणजे खाणीपासून कारखान्याच्या दारापर्यंत, ए४ वाहतूक, ए५ बांधणी, बी वापराचा काळ, सी पाडणं आणि विल्हेवाट. पुढच्या जन्मातला फायदा 'डी' नावाने वेगळा दाखवायचा असतो. काही विक्रेते तो डी आजच्याच आकड्यातून वजा करतात. पन्नास वर्षांनी कोणीतरी बीम परत वापरेल या आशेवर आजचं उत्सर्जन कमी दाखवायचं, हे बरोबर नाही. समोर येईल त्या कागदावर आधी टप्पा शोधा.

मृण्मयी_रेखा

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आलेय. बरंच काही घडलं.

ओळंबाकाकांच्या सांगण्यावरून मागच्या भागाची तपासणी करून घेतली. कॉलममधून कापून काढलेले काँक्रीटचे गोल नमुने, म्हणजे गाभे, टेबलावर मांडले होते. तंत्रज्ञाने त्यांच्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं आणि बघता बघता ते गडद गुलाबी झाले, फक्त बाहेरच्या कडेचा पट्टा राखाडीच राहिला. त्या पट्ट्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलाय आणि गजाला जपणारा काँक्रीटचा अल्कली गुण संपलाय. पट्टी लावून मोजलं: बहुतेक ठिकाणी १२ ते १५ मिलिमीटर. गज २५ ते ३० मिलिमीटर आत आहेत. स्वच्छतागृहाच्या बाजूच्या त्या दोन बीममध्ये मात्र राखाडी पट्टा गजाच्याही आत पोचला होता. ते दोन आणि त्यांच्यामधला स्लॅब काढायचा, बाकी सांगाडा ठेवायचा, असं इंजिनिअरने लेखी दिलंय.

पाया एका हलक्या मजल्याचा भार घेईल, दोनचा नाही. मी घाबरत मालकांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांना बसवून जागेची मोजणी केली, तेव्हा कळलं की दोन मोठ्या बैठक-खोल्या आठवड्यातून एकदाच लागतात. चौथा मजला रद्द झाला. तो कोणत्याच तक्त्यात नव्हता, आणि सगळ्यात जास्त कार्बन त्यानेच वाचवला.

वरचा मजला लाकडी, सगळा बोल्ट आणि स्क्रूंवर. पुढच्या भागाची एक भिंत तडकली होती, ती हाताने उतरवतोय. कातळदादा, तुमचा खिडक्यांचा अनुभव आमच्या ठेकेदारांना वाचायला दिला. करारात 'नवीन' ऐवजी 'तपासणीत उत्तीर्ण' असा शब्द घातलाय. विटा साफ करायला चार माणसं बसली आहेत, पहिल्या आठवड्यात दहापैकी सात विटा खणखणीत निघाल्या.

आता एक अडचण. या विटा आतल्या भिंतींना वापरायच्या आहेत. गवंडी म्हणतात, नुसत्या चुन्याला वेळ लागतो, थोडं सिमेंट घालू द्या. घालू देऊ का?

ओळंबा

नको. आतल्या, भार न घेणाऱ्या भिंती आहेत, त्यांना घाई कशाची? जलीय चुना (पाण्यानेच घट्ट होणारा) मिळाला तर तो घ्या, तो लवकर धरतो. नाहीतर साधा चुना आणि त्यात विटांचाच बारीक भुगा, तुमच्याकडे तीन दहांश विटा तशाही फुटलेल्या आहेत. वीट लावायच्या आधी भिजवा. दिवसाला चार-पाच थरांच्या वर जाऊ देऊ नका आणि आठवडाभर गोणपाट ओलं ठेवा.

आणि सांगाड्याचे तपासणीचे कागद, गजांची जागा, गाभे कुठून काढले, सगळं एका नकाशावर उतरवून मालकांकडे द्या. चाळीस वर्षांनी कोणीतरी हाच प्रश्न विचारायला येईल.

कातळ

मृण्मयीताई, 'तपासणीत उत्तीर्ण' हे कलम जसंच्या तसं इथे टाकाल का? सोमवारी माझी एका नव्या कामाची बैठक आहे.

मृण्मयी_रेखा

टाकते. सोबत खिडक्यांच्या मोजदादीचा तक्ताही देते, त्यात खडूने लिहिलेल्या मापांसाठी एक रकाना आहे.